दिवस आधी बांधावा, मन मागून येते

कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात दोन प्रकारच्या घरांत दोन निराळे दिवस सुरू झाले. ज्यांच्या दावणीला गाई-म्हशी होत्या, ते पूर्वीसारखेच पहाटे धारेला उठत राहिले. शेणघाण, वैरण, धार, मग किटली घेऊन दूध घालायला जायचे आणि संध्याकाळी पुन्हा तेच. दुधाचे दर पडले, काळजी वाढली, पण दिवसाची चौकट जागची हलली नाही. एमआयडीसीतला कामगार, पेठेतला दुकानदार, एसटीचा चालक, महाविद्यालयातली मुले यांच्या हाती मात्र एकाएकी सगळाच्या सगळा मोकळा दिवस आला. पहिले काही दिवस विश्रांतीचे गेले. मग उठण्याची वेळ सरकली, दुपारची झोप लांबली, रात्री मोबाईल हातातून सुटेना आणि घरातल्या घरात चिडचिड सुरू झाली.

बारामती शहरात ही बंदी आणखी कडक होती. मार्चअखेर पहिला रुग्ण सापडला आणि एप्रिलमध्ये आणखी रुग्ण आढळू लागले, तेव्हा प्रशासनाने राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर शहर कडेकोट बंद केले. किराणा, भाजी, औषधे घरपोच देण्याची व्यवस्था झाली. साथ आवरायला ते आवश्यक होते. मात्र भाजी घ्यायला पिशवी उचलून बाहेर पडणे, वाटेत कोणाशी दोन शब्द बोलणे, हेही त्या दिवसांतून गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले की साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. त्या वाढीमागे आजाराची भीती, जवळच्यांचा मृत्यू, बुडालेली कमाई आणि एकटेपण होते. विस्कटलेल्या दिवसानेही त्यात भर घातली.

घरात अडकलेल्या माणसाला आपण सहसा एकच सल्ला देतो: मन प्रसन्न ठेवा. हा सल्ला उलट्या टोकाने सुरू होतो. मन हुकमाने प्रसन्न होत नाही, दिवस मात्र हाताने बांधता येतो. कालव्याचे आवर्तन सुटले आणि रानात सऱ्या पाडलेल्याच नसल्या, तर पाणी वाट फुटेल तिकडे पसरते आणि उसाच्या मुळाशी पोहोचत नाही. मोकळ्या दिवसाचेही तसेच होते. म्हणून आधी दिवसाला सऱ्या पाडायच्या. या लेखात मला हेच सांगायचे आहे, आणि त्याला आधार देणारे पुरेसे संशोधन आज आपल्यापुढे आहे.

चौकट का मोडते?

मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दिवसभर तासातासाला नोंद करायला सांगितले होते: आत्ता काय करता आहात, आणि मनात काय चालले आहे? त्यांच्या सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, त्याच जागी होणाऱ्या होत्या आणि त्या करताना मन भलतीकडेच होते. याचा अर्थ असा की आपला निम्म्याच्या जवळपास दिवस ठरवून जगलेला नसतो. कारखान्याचा भोंगा, शाळेची घंटा, एसटीची वेळ, शेजाऱ्याची हाक अशा बाहेरच्या खुणा आपल्याला एका कामातून दुसऱ्या कामाकडे नेतात. टाळेबंदीत या खुणाच गेल्या. सवय मोडली ती आळसाने नव्हे, तिला जागे करणारी खूण नाहीशी झाल्याने. गोठा असलेल्या घरात ही खूण दावणीला बांधलेली होती आणि वेळ झाली की हंबरत होती.

दुसरे कारण शरीरात आहे. आपल्या पेशींमध्ये दिवस-रात्रीचे घड्याळ असते. ते कसे चालते याच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित सावकाश चालते आणि रोज सकाळच्या उजेडाने ते जुळवून घेतले जाते. घरातल्या दिव्याखाली साधारण १०० ते ५०० लक्स उजेड असतो, बाहेरच्या भर उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. दिवसभर आत बसून रात्री पडद्याच्या उजेडात राहणाऱ्या माणसाचे घड्याळ मागे मागे सरकते. झोप उशिरा लागते, सकाळी अंग जड राहते, आणि ते जडपण मनालाही ग्रासते.

इथे आपल्या भागातल्या वस्त्यांवरची घरे नशीबवान ठरली. रानातल्या घराला अंगण असते, बांध असतो, गोठ्यापर्यंतची वाट असते. गर्दीपासून दूर राहूनही तिथे उजेड आणि चालणे दोन्ही मिळत राहिले. शहरातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्यालाही गच्ची, जिना किंवा पूर्वेची खिडकी शोधून हे साधता येते. सकाळी उठल्यापासून तासाभरात पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या उजेडात काढणे, ही पहिली सरी. चहाचा कप घेऊन उंबऱ्याबाहेर बसले तरी सुरुवात होते.

कृती आधी, उत्साह नंतर

आपण म्हणतो, मन लागले की काम करीन. मानसोपचारातले अनुभव याच्या उलट आहेत. अमेरिकेत पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडले की उदास माणूस कामे सोडत जातो, त्यामुळे त्याला समाधान देणारे प्रसंग कमी होतात आणि त्यामुळे उदासी आणखी वाढते. हे चक्र तोडायचे तर उत्साह येण्याची वाट न पाहता छोट्या कृतीपासून सुरुवात करावी लागते.

याची उत्तम परीक्षा आपल्या शेजारी गोव्यात झाली. ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. समुपदेशन करणारे लोक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाशी बसून ठरवत: पूर्वी काय केल्यावर बरे वाटायचे, त्यातले आज काय जमेल, केव्हा करायचे, अडचण आली तर काय. तीन महिन्यांनी हे सहाय्य मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या कक्षेबाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

यातून घरच्या घरी घेण्यासारखे बरेच आहे. एका कागदावर तीन प्रकारच्या कृती लिहाव्यात. पहिला प्रकार अंगाला हलवणाऱ्या कृतींचा: झाडलोट, परसातली भाजी, गच्चीवर फेऱ्या. दुसरा, काहीतरी पूर्ण झाल्याचे समाधान देणाऱ्या: पत्र्याची पेटी आवरणे, फाटलेली गोधडी शिवणे, मुलाचे एक गणित सोडवून घेणे. तिसरा, माणसांशी जोडणाऱ्या: मावशीला फोन, शेजारच्या आजोबांना दारातून हाक. रोज प्रत्येक प्रकारातली एक कृती, ठरलेल्या वेळी. करताना मन लागले नाही तरी चालेल. करून झाल्यावर कसे वाटले, एवढे मात्र स्वतःला विचारावे.

वारीचा दिनक्रम

दिवस कसा बांधावा याचा नमुना या दोन तालुक्यांना दूर शोधावा लागत नाही. दर आषाढात तुकोबांची पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी इथूनच जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीत गोल रिंगण रंगते. वारकऱ्याचा दिवस पाहा: पहाटे काकडा, ठरलेल्या क्रमाने चालणे, ठरलेल्या गावी विसावा, मुक्कामी आरती, हरिपाठ आणि रात्री कीर्तन. अंग थकते, पाय सुजतात, पाऊस झोडपतो, तरीही माणसे आनंदी असतात. आज मन आहे का, असे कोणी कोणाला विचारत नाही. दिंडी निघाली की पाऊल उचलायचे. श्रद्धा तर आहेच, आणि तिला रोजच्या क्रमाचा भक्कम आधार आहे.

२०२० मध्ये हा रस्ता पालखीविना राहिला. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि १ जुलैला मोजक्या लोकांत आषाढी पार पडली. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. पायी सोहळा पुन्हा निघाला तो २०२२ मध्ये. या दोन वर्षांत वारकऱ्याजवळ जे उरले ते घरातले होते: गळ्यातली माळ, एकादशी आणि रोजचा हरिपाठ. हरिपाठासारख्या पठणाचा शरीरावर काय परिणाम होतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि योगमंत्र म्हणताना, दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदय व रक्तदाब यांची लय सुधारते. लांब ओळी सुरात म्हणताना श्वास सोडण्याचा काळ वाढतो आणि धडधड शांत होते. ज्याला अभंग म्हणायचे आहेत त्याने अभंग म्हणावेत, ज्याला नाट्यपद आवडते त्याने ते गावे, ज्याला कवितेची गोडी आहे त्याने कविता मोठ्याने वाचावी. संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरातल्यांनी मिळून दहा-पंधरा मिनिटे आवाज लावावा. बंद घरातल्या संध्याकाळी सर्वांत जड असतात आणि एकत्र गाण्याने त्या हलक्या होतात.

जुन्या कामाला नवी सवय जोडा

‘उद्यापासून व्यायाम करीन’ हा निश्चय बहुधा टिकत नाही, कारण त्यात केव्हा आणि कुठे हे नसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर साधा उपाय तपासून पाहिला. निश्चय ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा रूपात करायचा. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला आणि या पद्धतीचा परिणाम चांगलाच दिसून आला. आपल्या घरात याची रूपे सहज सापडतील. दूध घालून आलो की गोठ्याच्या भिंतीशी दहा बैठका. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बहिणीला फोन. दुपारचे ताट धुतले की मुलांबरोबर पत्ते किंवा बुद्धिबळाचा एक डाव. साडेसातच्या बातम्या संपल्या की मोबाईल कपाटात. जे काम रोज होतेच, त्याच्या शेजारी नवे काम बसवायचे, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

किती दिवसांत सवय लागते? एकवीस दिवसांची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा सरासरी ६६ दिवस आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुजली, व्यायामाला वेळ लागला. या अभ्यासातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून एक दिवस हुकला की सगळे सोडून देऊ नये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा उभे राहावे.

मोरोपंतांकडून शिकावे असे काही

ठरावीक दिनक्रमाला एक धोका असतो. तो काही आठवड्यांत शिळा होतो. यावर उपाय सुचवणारा माणूस बारामतीतच होऊन गेला. कवी मोरोपंत पन्हाळ्याहून बारामतीला आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. कऱ्हेकाठच्या या गावात पुराण सांगत, लिहीत त्यांनी चार दशके काढली. रामकथा एकच, पण तिच्यावर त्यांनी १०८ रामायणे रचली असे परंपरेने सांगितले जाते. प्रत्येक वेळी ते स्वतःला नवे बंधन घालत. निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायचे वर्ण, म्हणजे प, फ, ब, भ, म, टाळले. मंत्ररामायणात रामनामाच्या मंत्रातली अक्षरे ठरलेल्या जागी गुंफली. ‘परंतु रामायण’, ‘दाम रामायण’ अशी आणखीही आहेत. कथा तीच, गाव तेच, रोजचे बसणे तेच. बदलायची ती फक्त अट, आणि त्या अटीमुळे जुनी कथा दर वेळी नव्याने हाती घ्यावी लागे.

मानसशास्त्र याला पुष्टी देते. सुखद गोष्टीचीही आपल्याला सवय होते आणि तिची गोडी उतरते. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि केनन शेल्डन यांच्या अभ्यासांत, दर वेळी त्याच प्रकारे इतरांसाठी काही करणाऱ्यांपेक्षा प्रकार बदलत राहणाऱ्यांना अधिक समाधान टिकवता आले. तेव्हा वेळ पक्की ठेवावी आणि आशय बदलावा. संध्याकाळचे वाचन रोज सातला, पण सोमवारी धाकट्याने वाचायचे, मंगळवारी आजीने आठवणीतली गोष्ट सांगायची. स्वयंपाक रोजचाच, पण आठवड्यातून एकदा घरात जे आहे तेवढ्यातून नवे कालवण करायचे. गच्चीवरच्या फेऱ्या रोजच्याच, पण आज पक्षी मोजायचे आणि उद्या आवाज ओळखायचे. ज्या तालुक्यात भिगवणला उजनीच्या जलाशयावर रोहित उतरतात आणि भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वसाहत भरते, तिथल्या मुलांना पक्ष्यांची नावे यायला हवीत. त्याची सुरुवात अंगणातल्या सुगरणीपासून आणि तारेवरच्या वेड्या राघूपासून होऊ शकते.

रात्री तीन गोष्टी

दिवसाची शेवटची सरी झोपण्याआधीची. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी बऱ्या झालेल्या तीन गोष्टी आणि त्या का झाल्या, हे लिहायला सांगितले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हाही त्यांचे समाधान वाढलेले आणि उदासीची लक्षणे कमी झालेली दिसली. ज्यांनी आठवडा उलटल्यावरही हे चालू ठेवले त्यांना अधिक लाभ झाला. यातला ‘का’ महत्त्वाचा आहे. ‘आज भाकरी चांगली झाली’ एवढ्यावर न थांबता ‘कारण ताईने पीठ मळायला मदत केली’ असे लिहिले की चांगल्या गोष्टीमागे कोण उभे आहे ते दिसू लागते. साथीच्या काळात दिवसभर आकडे आणि मृत्यूच्या बातम्या कानावर पडतात. धोक्याकडे धावणारे लक्ष या तीन ओळी थोडा वेळ चांगल्याकडे आणतात.

घरातल्या बाईचा दिवस

हे सगळे लिहिताना एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. टाळेबंदीत ‘रिकामा वेळ’ सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनामोबदला कामासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. सगळे घरात बसल्यावर चहा वाढला, भांडी वाढली, आजाऱ्याची उठबस वाढली. घरच्यांच्या आनंदी सवयी जर एकाच बाईच्या पाठीवर उभ्या राहणार असतील, तर ते घर आनंदी झाले असे म्हणता येणार नाही. म्हणून दिवस बांधताना पहिला प्रश्न कामाच्या वाटणीचा असावा. सकाळचा चहा कोणाचा, दुपारची भांडी कोणाची, आजोबांच्या गोळ्या कोणाकडे. आणि घरातल्या प्रत्येक बाईला दिवसातला एक तास असा मिळावा की त्या वेळी तिला कोणी हाक मारायची नाही.

सवयी पुरत नाहीत तेव्हा

सवयींनी पोट भरत नाही. २०२० च्या वसंतात गाळप हंगाम संपत असताना राज्यभर साखर कारखान्यांच्या तळांवर ऊसतोड मजूर मुलाबाळांसह अडकले होते. एप्रिलच्या मध्यावर आरोग्य तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय झाला. पालावरच्या माणसाला आधी धान्य, पाणी आणि घरची वाट लागते. सुखाच्या सवयींची भाषा त्यानंतरची. ज्याच्या घरी दोन वेळची सोय आहे त्याने शेजारच्याच्या चुलीकडे पाहणे, हीसुद्धा रोजची सवय असू शकते आणि ती दोन्ही घरांना बळ देते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार फिरले. ताप आणि ऑक्सिजन मोजण्याबरोबरच कित्येक एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस त्या दारातल्या चार शब्दांनी झाली.

काही वेळा मन इतके खचते की दिनक्रमाने ते सावरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावा.

घरात अडकण्याची वेळ आणायला साथच लागते असे नाही. पाय मोडतो, शस्त्रक्रिया होते, बाळंतपण येते, घरातले कोणी अंथरुणाला खिळते, नोकरी संपते. त्या दिवशी नव्याने सवयी लावणे जड जाते, म्हणून त्या चालत्या-फिरत्या दिवसांत लावून ठेवाव्यात. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाच गोष्टी ठरवाव्यात: उठण्याची वेळ, सकाळचा उजेड, कामाची वाटणी, ज्याला रोज फोन करायचा असा एक माणूस आणि झोपण्याआधीच्या तीन ओळी. सगळे एकदम जमणार नाही. एकापासून सुरुवात करावी आणि ते रुजले की दुसरे घ्यावे. पुढच्या वेळी दार बंद करण्याची पाळी आली, तर आपल्या घरात बांधलेला दिवस तयार असेल.